१०० ग्रॅमची केस कोण लढवतं? क्रीडा कायदा म्हणजे काय आणि तो शिकायचा कुठे?

७ ऑगस्ट २०२४ ची सकाळ. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो वजनी गटाची फायनल खेळणार होती. आदल्या दिवशी तिने जपानच्या युई सुसाकीसारख्या ऑलिम्पिक विजेतीला हरवलं होतं, त्यानंतर आणखी दोन कुस्त्या मारल्या होत्या. मेडल पक्कं झालं होतं. पण सकाळच्या वजनात काटा १०० ग्रॅम पुढे गेला आणि विनेश स्पर्धेतून बाद झाली.

त्यानंतरचे आठ दिवस अख्ख्या देशात एकच चर्चा होती. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, पारावर, चहाच्या टपरीवर प्रत्येक जण एकच विचारत होता. पहिल्या दिवशी वजन बरोबर होतं, तीन कुस्त्या नियमात बसून जिंकल्या, मग निदान सिल्व्हर तरी का नाही?

हा प्रश्न कुस्तीचा वाटतो, पण तो होता कायद्याचा. म्हणूनच तो आखाड्यातून थेट एका लवादापुढे गेला. तिथे पॅरिसमधल्या काही वकिलांनी विनेशच्या बाजूने अर्ज दाखल केला, तोही एक रुपया फी न घेता. पुढे हरीश साळवे आणि विदुष्पत सिंघानिया बाजू मांडायला उभे राहिले. साळवे यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं. सिंघानिया यांचं नाव मात्र अनेकांनी पहिल्यांदाच ऐकलं आणि अनेकांना हेही पहिल्यांदाच कळलं की खेळाच्या केसेस लढवणारे वकील वेगळे असतात.

तर हा क्रीडा कायदा नेमका असतो काय, तो शिकायचा कुठे आणि शिकून पुढे करायचं काय, हे सविस्तर पाहू.

‘क्रीडा कायदा’ नावाचं एक पुस्तक नसतं

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. चोरी, मारामारी, खून यांसाठी जशी भारतीय न्याय संहिता आहे, तसा खेळासाठी सगळं काही सांगणारा एकच कायदा नाही. क्रीडा कायदा म्हणजे खेळाला लागू होणारे वेगवेगळे कायदे आणि त्यावर खेळाच्या संघटनांचे स्वतःचे नियम.

एखाद्या कबड्डीपटूने लीगमधल्या टीमशी करार केला, तर तिथे करार कायदा लागतो. टीमचा लोगो कुणी टी-शर्टवर छापून विकला, तर ट्रेडमार्कचा कायदा. मॅच कुठल्या चॅनलवर दिसणार, हा प्रसारण हक्कांचा विषय. एखाद्या संघटनेने आपल्या ताकदीच्या जोरावर दुसऱ्यांना बाजारात येऊच दिलं नाही, तर स्पर्धा कायदा. आयपीएलच्या प्रसारण करारातल्या अशाच एका कलमावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये बीसीसीआयला ५२.२४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

दुसऱ्या बाजूला असतात खेळाचे स्वतःचे नियम. जागतिक कुस्ती संघटनेचे वेगळे, फिफाचे वेगळे, डोपिंगसाठी ‘वाडा’ची संहिता वेगळी. हे नियम कुठल्याही संसदेने केलेले नसतात. पण स्पर्धेत उतरताना खेळाडू ज्या कागदावर सही करतो, त्या सहीमुळे ते त्याच्यावर बंधनकारक होतात.

विनेशच्या केसचं उत्तर इथेच आहे. जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमानुसार स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. दुसऱ्या दिवशीच्या वजनात जो बसला नाही, तो फक्त त्या दिवसापुरता नाही तर अख्ख्या स्पर्धेतून बाद होतो आणि यादीत सगळ्यात शेवटी जातो. लवादाच्या न्यायाधीश अ‍ॅनाबेल बेनेट यांनी विनेशने काहीही गैर केलं नसल्याचं मान्य केलं, नियमाचा परिणाम कठोर आहे हेही मान्य केलं. पण नियम सगळ्यांना सारखा आहे आणि तो बदलण्याचा अधिकार लवादाला नाही, असं म्हणत १४ ऑगस्टला अर्ज फेटाळला.

म्हणजे एखाद्या गोष्टीचं वाईट वाटणं आणि ती नियमाविरुद्ध असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रीडा कायदा शिकणाऱ्याला पहिल्या वर्गापासून हाच फरक ओळखायला शिकवतात.

खेळाडूंचं कोर्ट : ‘कॅस’

विनेशचा अर्ज ज्या लवादापुढे गेला, त्याचं नाव ‘कोर्ट ऑफ आर्बिट्रेशन फॉर स्पोर्ट’, म्हणजे ‘कॅस’. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात १९८४ मध्ये ते सुरू झालं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकच्या ठिकाणी ‘कॅस’चा तात्पुरता विभाग बसतो. तिथे फी नसते आणि साधारण २४ तासांत निकाल द्यायचा असा नियम आहे, कारण फायनल उद्या असेल तर परवाच्या निकालाचा उपयोग काय? विनेशच्या केसमध्ये मात्र फायनल होऊन गेली होती, त्यामुळे वेळ वाढवून घेण्यात आला.

ऑलिम्पिक सोडून इतर वेळी ‘कॅस’मध्ये अपील करायचं असेल आणि त्या संघटनेच्या नियमांत वेगळी मुदत दिलेली नसेल, तर हातात असतात फक्त २१ दिवस. या २१ दिवसांत खेळाडूला निर्णयाची प्रत मिळवायची असते, वकील शोधायचा असतो, पैसे उभे करायचे असतात. कागदपत्रं इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये द्यायची असतात. सांगली किंवा हरियाणातल्या एखाद्या गावातून आलेल्या खेळाडूसाठी ही शर्यत मैदानावरच्या शर्यतीपेक्षा अवघड ठरते. या विषयातले वकील देशात का हवेत, याचं उत्तर या २१ दिवसांत आहे.

आणि भारतीय खेळाडू तिथे जिंकतही आले आहेत. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनच्या पातळीमुळे २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळलं होतं. तिने गप्प न बसता ‘कॅस’चं दार ठोठावलं. जुलै २०१५ मध्ये ‘कॅस’ने जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचा तो नियमच दोन वर्षांसाठी स्थगित केला. एका खेळाडूच्या केसमुळे जगभरातल्या महिला धावपटूंना दिलासा मिळाला आणि २०१६ मध्ये द्युती रिओ ऑलिम्पिकमध्ये धावली.

वर्गात कुठल्या केसेस शिकवतात?

क्रीडा कायद्याचा अभ्यास म्हणजे बऱ्याच अंशी केसेसचा अभ्यास. त्यातल्या काही तर मराठी वाचकांना बातम्यांमधून चांगल्याच माहीत आहेत.

पहिली केस नरसिंग यादवची. मुंबईत घडलेला, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला, महाराष्ट्र पोलीस दलातला हा पैलवान. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ जिंकून त्याने भारतासाठी ७४ किलो गटाची ऑलिम्पिक जागा मिळवली. त्यावर सुशील कुमारने निवड चाचणी घ्या म्हणून दिल्ली हायकोर्टात धाव घेतली. जून २०१६ मध्ये हायकोर्टाने ती मागणी फेटाळली. निवड करणं हे संघटनेचं काम आहे, ती मनमानी असल्याशिवाय कोर्ट त्यात पडणार नाही, हे तत्त्व या केसमधून शिकवतात.

नरसिंगची गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्याच महिन्यात तो डोपिंगमध्ये पॉझिटिव्ह आल्याचं समोर आलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी औषध मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. ‘नाडा’ने, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्थेने, त्याला निर्दोष सोडलं. ‘वाडा’ने त्याविरुद्ध थेट रिओमध्ये ‘कॅस’कडे अपील केलं आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, चार वर्षांची बंदी आली. डोपिंगमध्ये तुमच्या शरीरात काय सापडलं याची जबाबदारी तुमचीच असते. कट झाला म्हणायचं असेल, तर तो सिद्धही खेळाडूनेच करायचा. नेहमीच्या फौजदारी खटल्यात गुन्हा सरकार सिद्ध करतं, इथे बरोबर उलटं आहे.

दुसरी केस पृथ्वी शॉची. फेब्रुवारी २०१९ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याचा नमुना घेतला, त्यात टर्ब्युटालिन सापडलं. हे द्रव्य खोकल्याच्या काही औषधांमध्ये असतं. त्याने ते चुकून घेतलं हे बीसीसीआयने मान्य केलं, तरी आठ महिन्यांचं निलंबन झालंच. मेडिकलमधून आणलेली खोकल्याची बाटली करिअरमधले आठ महिने खाऊ शकते, हे गावोगावच्या क्रीडा प्रबोधिनीतल्या पोरांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. ते सांगणं हेही क्रीडा वकिलाचं काम आहे.

तिसरी केस श्रीशांतची. २०१३ च्या स्पॉट फिक्सिंग प्रकरणात बीसीसीआयने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने त्याला आरोपमुक्त केलं, पण बंदी तशीच राहिली. कारण फौजदारी खटला वेगळा आणि संघटनेची शिस्तीची कारवाई वेगळी. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोषाला हात लावला नाही, पण आजन्म बंदीची शिक्षा रद्द करून तिचा पुन्हा विचार करायला सांगितलं. शेवटी ती सात वर्षांवर आली. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी, हे तत्त्व खेळालाही लागू होतं, हा यातला धडा.

परदेशातली एक केस तर प्रत्येक अभ्यासक्रमात असते. ती म्हणजे बेल्जियमचा फुटबॉलपटू जाँ-मार्क बोसमन. करार संपल्यावरही क्लब त्याला पैसे घेतल्याशिवाय दुसरीकडे जाऊ देत नव्हता. १९९५ मध्ये युरोपियन न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आज युरोपातले फुटबॉलपटू करार संपल्यावर ‘फ्री ट्रान्सफर’ने जातात, त्यामागे हा निकाल आहे.

बीसीसीआय सरकारी आहे का?

हा प्रश्न सोशल मीडियावर दर वर्ल्डकपला येतो. कायद्याच्या वर्गात त्यावर आख्खा तास जातो.

२००५ मध्ये ‘झी टेलिफिल्म्स’च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, बीसीसीआय संविधानाच्या कलम १२ नुसार ‘राज्यसंस्था’ नाही. म्हणजे ती सरकारी नाही. पण २०१५ मध्ये बिहार क्रिकेट असोसिएशनच्या केसमध्ये कोर्टाने स्पष्ट केलं की, बीसीसीआय सार्वजनिक स्वरूपाचं काम करते, त्यामुळे कलम २२६ खाली हायकोर्टात तिला जाब विचारता येतो. न्यायमूर्ती लोढा समितीही याच केसमधून आली.

पण सरकार किंवा कोर्टाने संघटनेच्या कारभारात किती हात घालायचा, यालाही मर्यादा आहे. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने भारतीय फुटबॉल महासंघावर प्रशासक समिती नेमली. ऑगस्टमध्ये फिफाने ‘त्रयस्थांचा हस्तक्षेप’ म्हणत महासंघालाच निलंबित केलं. त्या वेळी गोकुलम केरळची महिला टीम आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलीही होती. त्या मुली एकही मॅच न खेळता परत आल्या. मडगाव, नवी मुंबई आणि भुवनेश्वरला होणारा मुलींचा १७ वर्षांखालील वर्ल्डकपही हातातून जाण्याची वेळ आली होती. कोर्टाने समिती बरखास्त केली, २६ ऑगस्टला निलंबन उठलं आणि वर्ल्डकप वाचला. पण ताश्कंदहून परतलेल्या मुलींची ती स्पर्धा गेली ती गेलीच.

पदाधिकाऱ्यांच्या भांडणाची आणि कायद्याच्या गुंत्याची किंमत अशी खेळाडू मोजतात.

२०२५ च्या कायद्याने काय बदललं?

आतापर्यंत खेळाच्या संघटनांचा कारभार मुख्यतः २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेवर चालायचा. ती सरकारी नियमावली होती, संसदेने केलेला कायदा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात तीन मोठ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे राष्ट्रीय क्रीडा मंडळ. संघटनांना मान्यता देणं आणि काढून घेणं हे त्याचं काम. दुसरी म्हणजे निवडणुका नीट होतायत का हे बघणारं पॅनेल. तिसरी आणि वकिलांसाठी सगळ्यात महत्त्वाची म्हणजे राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण. निवड, निवडणूक, संघटनेतले वाद अशा प्रकरणांसाठी हे स्वतंत्र न्यायपीठ असेल आणि त्याच्या निर्णयावर अपील सुप्रीम कोर्टात जाईल. ऑलिम्पिकसारख्या स्पर्धेदरम्यानचे वाद मात्र ‘कॅस’कडेच जातील. याशिवाय संघटनेच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू असायलाच हवेत, अशीही तरतूद आहे.

त्याच महिन्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदाही आला आणि टीम इंडियाच्या जर्सीवरून ‘ड्रीम ११’चं नाव गेलं. डोपिंगसाठी २०२२ चा वेगळा कायदा आहेच. एकूण काय, तर दहा वर्षांपूर्वी हा विषय शिकणाऱ्याच्या हातात बहुतांश निकाल होते, आता कायदेही आहेत.

मग शिकायचं कुठे?

इथे नीट लक्ष द्या, कारण बरेच जण इथेच फसतात.

भारतात कोर्टात उभं राहायचं असेल, तर आधी कायद्याची नेहमीची पदवी लागते. बारावीनंतर पाच वर्षांची किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ द्यावी लागते. आपल्याकडे अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. पुण्याचं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आणि राज्यातल्या इतर कॉलेजांसाठी एमएच सीईटी लॉ. पदवीनंतर बार कौन्सिलची नोंदणी आणि ‘एआयबीई’ ही परीक्षा.

क्रीडा कायदा बहुतेक ठिकाणी या पदवीतला एखादा ऐच्छिक पेपर म्हणून असतो. तो कधी दरवर्षी असतो, कधी शिकवणारे मिळाले तरच. त्यामुळे अ‍ॅडमिशन घेताना फक्त माहितीपत्रकावर विश्वास न ठेवता गेल्या दोन वर्षांत तो पेपर प्रत्यक्षात शिकवला का, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारावं.

काही महिन्यांचे ऑनलाइन डिप्लोमाही बरेच आहेत. विषयाची ओळख करून घ्यायला ते ठीक. पण एलएलबीशिवाय नुसत्या डिप्लोमावर वकिली करता येत नाही, हे फी भरण्याआधी लक्षात ठेवावं.

परदेशात मात्र याच विषयात मास्टर्स करता येतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात क्रीडा कायद्याची एलएलएम आहे. माद्रिदच्या ‘आयएसडीई’मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. अमेरिकेतल्या मार्क्वेट विद्यापीठात १९८९ पासून या विषयाची स्वतंत्र संस्था आहे. ‘फिफा मास्टर’ हा कोर्स तर इंग्लंड, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांत मिळून चालतो. त्यात कायद्याबरोबर खेळाचा इतिहास आणि व्यवस्थापनही असतं. या सगळ्यांचा खर्च मोठा आहे. त्यामुळे दोन-तीन वर्षं इथे काम करून, विषयाची आवड पक्की झाल्यावर आणि स्कॉलरशिप शोधून जाणं शहाणपणाचं.

शिकून काम काय मिळतं?

सिनेमात दाखवतात तसं, खेळाडूच्या शेजारी व्हीआयपी बॉक्समध्ये बसायचं काम क्वचितच असतं. बहुतेक काम कागदावरचं आहे.

लॉ फर्ममध्ये प्रायोजकांचे आणि प्रसारणाचे करार तपासणं. फ्रँचायझी, लीग आणि चॅनलच्या कायदा विभागात नोकरी. खेळाडूंचं व्यवस्थापन करणाऱ्या कंपन्यांमध्ये करारांच्या वाटाघाटी. संघटनांची घटना, निवडणुका आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या समित्यांचं काम. डोपिंगच्या सुनावण्या. फुटबॉलमध्ये खेळाडूचा एजंट व्हायचं असेल, तर फिफाची परीक्षा पास होऊन परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी वकील असण्याची अट नाही, पण परीक्षा नियमांवरच असल्याने कायदा शिकलेल्याला ती सोपी जाते.

फक्त खेळाच्या केसेसवर चूल पेटणारे वकील भारतात अजून मोजकेच आहेत. बाकीचे करार, लवाद किंवा बौद्धिक संपदा या विषयांची प्रॅक्टिस करतात आणि त्याबरोबर खेळाचं काम करतात. म्हणून कॉलेजमध्ये करार कायदा, १९९६ चा लवाद कायदा आणि संविधान हे तीन विषय पक्के करणं हाच या क्षेत्राचा खरा पाया आहे.

आत्तापासून काय करता येईल?

‘कॅस’चे अनेक निकाल त्यांच्या वेबसाइटवर मोफत वाचता येतात. विनेशचा सविस्तर निकालही सार्वजनिक आहे. महिन्याला एक निकाल वाचायचा आणि हरलेल्या बाजूचा वकील असतो तर काय मांडलं असतं, ते पानभर लिहायचं. कॉलेजच्या मूट कोर्टमध्ये खेळाचा विषय आला तर सोडायचा नाही. इंग्रजी चांगलं हवंच, पण मराठी आणि हिंदीही तितकीच कामाची आहे. ज्याची केस आहे तो पैलवान किंवा ती खो-खोपटू आपली अडचण इंग्रजीत सांगणार नाही.

आणि सगळ्यात जवळचं काम म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं. जिल्हा कबड्डी संघटनेची घटना काय म्हणते? निवड चाचणीची सूचना किती दिवस आधी लावायची असते? वयाच्या दाखल्यावरून एखाद्या मुलाला बाद केलं तर तक्रार कुणाकडे करायची? या प्रश्नांसाठी लोझानला जावं लागत नाही. पण उत्तर माहीत असलेला माणूस तालुक्यात एकही नसेल, तर पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा एक सीझन असाच निघून जातो. आणि खेळाडूच्या आयुष्यात असे सीझन मोजकेच असतात.